शनिवारच्या इंदूताई

इंदूताईंसमोर कुणी 'आपण' हा शब्द उच्चारला की त्याची धडगत नसे. 'आपण पाणी जपलं पाहिजे', 'आपण निसर्गाचं देणं लागतो' असं कुणी बोलायला लागलं की त्या मध्येच थांबवायच्या. "आपण म्हंजे कोन कोन? नावं घे." बोलणारा गांगरून जायचा. एकदा पुण्याहून आलेले एक पाहुणे हसून म्हणाले, "आपण म्हणजे सगळेच की, ताई." त्यावर इंदूताई म्हणाल्या, "सगळेच म्हंजे कोनीच न्हाई," आणि लगेच चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. चहा पुढे केला की बोलण्यातला तिखटपणा उतरतो, असा त्यांचा समज होता. तो उतरत नसे. पाहुणे चहा प्यायले खरे, पण नंतर बराच वेळ 'आपण' न म्हणता बोलायची कसरत करत राहिले.

मी पौडला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेने मुळशीतल्या तरुण मुलामुलींसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. फ्लेक्सवर त्याचं नाव होतं 'पर्यावरण न्याय युवा नेतृत्व कार्यक्रम'. रिह्याच्या खोऱ्यातल्या एका गावात दर शनिवारी दुपारी वर्ग भरायचा. माझे काही विद्यार्थी त्या गावचे, म्हणून कॉलेजने मला तिकडे जोडून दिलं. गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातली माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

संस्थेने गावात संघटक म्हणून नेमलं होतं ते इंदूताईंना. त्या गावातल्याच, बौद्धवस्तीतल्या. आधी एसटीत कंडक्टर होत्या. उभं राहून राहून गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडली. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सपाट जमिनीवरसुद्धा पाय फाकवून उभ्या राहायच्या, जणू पुढे घाटाचं वळण आहे. खोऱ्यातला प्रत्येक माणूस त्यांना त्याच्या थांब्यावरून ठाऊक होता. "अमक्याची सून का? ती न्हवं, पिंपळापाशी उतरती ती?" अशी त्यांची ओळख पटायची.

कार्यक्रमाचं ते लांबलचक नाव त्यांनी एकदाच वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "एवढं फ्लेक्सवर बसतं. पोरांच्या तोंडात बसायचं न्हाई." तेव्हापासून सगळे त्याला 'शनिवारचं' म्हणू लागले. "शनिवारचं हाय का आज?" असं मुलं विचारायची, आणि गाव इंदूताईंना 'शनिवारच्या बाई' म्हणू लागलं.

पहिला शनिवार मला स्पष्ट आठवतो. समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या. गावठाणातली मुलं पुढे ऐसपैस बसली. बौद्धवस्तीतली भिंतीला टेकून. आणि ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतल्या दोन मुली अगदी दारात, चपलांच्या शेजारी, केव्हाही उठून जाता येईल अशा. इंदूताईंनी एक नजर फिरवली आणि सवयीने म्हणाल्या, "चला, पुढं सरका. दार मोकळं करा." सगळे हसले. दारातल्या मुली जागच्या हलल्या नाहीत.

इंदूताईंनी पुन्हा सांगितलं नाही. स्वतःची खुर्ची उचलली, दारापाशी नेऊन ठेवली आणि तिथे बसल्या. "आता पुढं हिकडं. वळा सगळे."

सगळा वर्ग सतरंजीवर बसल्या बसल्या फिरला. पुढचे मागे गेले. त्यातला प्रसाद नावाचा उंच मुलगा कुरकुरला, "ताई, हितनं काय ऐकू येत न्हाई."

"मग ये की सरकून. त्या पोरींच्या शेजारी जागा हाय."

तो थोडा वेळ तसाच बसला. मग सरकला. त्याच्यामागून बाकीचे. दारातल्या दोघींपैकी एक सविता होती. तिने चपला बाजूला सारून प्रसादला जागा करून दिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

हे वाचून इंदूताई म्हणजे कुणी शांत, समजूतदार बाई असतील असं वाटेल. तशा त्या नव्हत्या. त्या तापट होत्या. कुणाचं कौतुक करणं त्यांना जमत नसे. मुलांनी कितीही चांगलं काम केलं तरी त्या म्हणायच्या, "बरं हाय. झाडू कुटं ठेवला?" एखाद्या मुलाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या नाहीत. "आधी बगून ये," म्हणायच्या. ओढ्याला पाणी कुठून येतं? बघून ये. गावचा कचरा कुठे जातो? बघून ये. यात पुष्कळदा त्यांना स्वतःलाच उत्तर ठाऊक नसायचं, आणि तेही त्या कबूल करायच्या नाहीत.

लग्नांना मात्र त्या हौसेने जायच्या. खोऱ्यातलं एक लग्न चुकवलं नसेल. आमंत्रण असो-नसो, "आमच्या गाडीतली पोरगी हाय," एवढं नातं त्यांना पुरायचं. जिलबी मोजून मापून नावं ठेवत खायच्या. आणि पंगतीत बसल्या बसल्या कुणाची जमीन कुणी घेतली, कुठल्या टेकडीवर प्लॉट पडतायत, कुठल्या रस्त्याने डंपर जातात, हे सगळं त्यांच्या कानावर यायचं. सोमवारी फोन करून मला सांगायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही जेवायला जाता की चौकशीला?" म्हणाल्या, "जेवायलाच. पन कान काय घरी ठेवून जायचं?"

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना ओढ्यातून चालवलं. गावाच्या खालच्या अंगापासून वर, जिथवर जाता येईल तिथवर. स्वतः काठी घेऊन काठाने चालत होत्या. पात्रात काय काय सापडेल ते मुलं वर काढत होती. प्लॅस्टिक, फाटकी गोणपाटं, एक अख्खी मोरपिशी फरशी आणि तिचे बरेच तुकडे. मुलांना चेव आला. कुणाच्या घरची असेल? सरपंचांच्या? नव्या फार्महाऊसवाल्यांच्या? प्रसाद तर मोबाइलवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकायच्या तयारीत होता.

इंदूताई काठावरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "नगं टाकू. माझ्या न्हाणीघरातल्या हायेत त्या."

प्रसादने मोबाइल खिशात घातला.

"नवी फरशी बसवली तवा जुनी भावानं हितं आणून वतली. मीच म्हनले, टाक वढ्यात." त्या चष्मा पुसत होत्या. "आता काय बगताय? भरा पाटीत. मी घरी नेते."

आणि खरंच, दोन मुलींनी पाटी त्यांच्या घरी पोचवली. ते तुकडे त्यांनी परसात तुळशीभोवती लावले, तेही वेडेवाकडे. मुलांनी पुढे वर्षभर त्यावरून त्यांना चिडवलं. मला वाटतं, मुलं त्यांची झाली ती त्या दिवशी.

परतताना सविताने विचारलं होतं, "ताई, तुमाला ह्यातलं काय पडलंय? तुमच्याकडं तर नळ हाय."

इंदूताई चालत राहिल्या. म्हणाल्या, "आता हाय. मी ल्हान व्हते तवा आमची वस्ती वढ्यावर प्यायची. वरच्या अंगाला म्हशी धुतल्या की खाली आमाला चवीनं कळायचं." एवढंच. आपल्या लहानपणाबद्दल त्यांच्या तोंडून मी दुसरं काही ऐकलं नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर डंपर सुरू झाले.

भूगावच्या बाजूला इमारती उठतायत त्यांच्या पायासाठी खणलेली माती, जुन्या बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे लगदे असं सगळं घेऊन ते खोऱ्यात येऊ लागले. मी भूगावलाच राहते. इंदूताईंनी मला एकदा सहज विचारलं होतं, "मॅडम, तुमची बिल्डिंग बांधली तवा तितली माती कुटं गेली हो?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानंतर मी स्कूटरवरून येताना वाटेतल्या प्रत्येक ढिगाकडे बघू लागले.

आमच्या गावात ही माती पडत होती ती बापूंच्या जमिनीत. बापू गावातले वजनदार शेतकरी, प्रसादचे सख्खे चुलते. ओढ्यालगतचा त्यांचा तुकडा खोलगट होता. तो भरून सपाट केला की प्लॉट म्हणून विकता येणार होता. भराव ओढ्याच्या पात्रापर्यंत आला. आणि त्याच्या बरोबर खाली कातकरवाडीची विहीर होती. गावठाणाला आणि बौद्धवस्तीला नळाचं पाणी होतं. वाडीला ती विहीर होती, आणि ओढ्यातले खेकडे. पहिल्याच वळवाने भरावाचं पाणी खाली उतरलं. विहिरीवर पांढरट साय धरली. खेकडे दिसेनासे झाले. वाडीतल्या बायका हंडे घेऊन गावठाणात येऊ लागल्या आणि नळावर सगळ्यात शेवटी उभ्या राहू लागल्या.

मुलं जाऊन बघून आली. या वेळी इंदूताईंना सांगावं लागलं नाही. प्रसादही गेला होता.

ग्रामसभेत हा विषय मांडायचा ठरलं. बोलायचं कुणी? इंदूताईंनी सविताला पुढे केलं. सविता तेव्हा बारावीत होती, जिभेची धारदार. दोन शनिवार तिची तयारी करून घेतली. इंदूताई सरपंच व्हायच्या, इंदूताईच बापू व्हायच्या, मध्ये मध्ये तोडायच्या, ओरडायच्या. सविता एकदा रडकुंडीला आली. तरी त्यांनी सोडलं नाही.

ग्रामसभेत सविता उभी राहिली. म्हणाली, "ह्या सभेतल्या कोनी वाडीच्या हिरीचं पानी कवा पिलंय? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

"मग त्यात माती गेली तरी चालंल, ह्ये ठरवलं कोनी?"

मागून कुणीतरी टाळी वाजवली. सरपंच म्हणाले, बघू, पाहणी करू. बापू उठून गेले. कुणी तरी काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत खोऱ्यातल्या सगळ्या मोबाइलवर पोचला. पुण्याहून संस्थेचा अभिनंदनाचा फोन आला. इंदूताई त्या दिवशी चक्क हसत होत्या. "पोरगी बोलली," एवढंच त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "बोलली की न्हाई?"

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. सविताचे आईवडील बापूंच्याच भातशेतीवर मजुरीला जात. त्यांना निरोप गेला की उद्यापासून येऊ नका. दुसरा निरोप त्याहून वाईट होता. वाडीतली त्यांची झोपडी बापूंच्या जागेवर होती. आजोबांच्या काळापासून तिथेच, पण कागदावर जागा बापूंची. ती रिकामी करा, असं कळवलं होतं.

हे कळलं तशा इंदूताई वाडीवर निघाल्या. मीही सोबत गेले. सविताची आई पारूबाई अंगणात लाकडं फोडत होती. आम्हाला बघून तिने कोयता खाली ठेवला नाही. सविता दारात उभी होती, तिला आईने आत पाठवलं.

"तुमीच शिकवलं न्हवं तिला बोलायला?" पारूबाई म्हणाली. "चांगलं शिकवलं. आता ऱ्हायचं कुटं ते पन शिकवा."

मला वाटलं, इंदूताई काहीतरी म्हणतील. कायद्याचं, हक्काचं, धीराचं. संस्थेच्या शिबिरांत आम्ही सगळ्यांनीच ते शब्द पुष्कळदा ऐकले होते. इंदूताईंनी त्यातला एकही वापरला नाही. पारूबाई बोलत राहिली. तिने सगळं बोलून घेतलं: तुमचं काय जातं, तुमचं घर तुमच्या नावावर आहे, तुम्ही शनिवारी येता आणि शनिवारीच जाता, व्हिडिओत माझी पोर दिसते, तुम्ही कुठे दिसता. इंदूताई उभ्या राहून ऐकत होत्या. गुडघे दुखत असणार, पण बसा असं कुणी म्हटलं नाही आणि त्या बसल्या नाहीत.

शेवटी पारूबाई थांबली. इंदूताई म्हणाल्या, "तुजं खरं हाय, पारू. तिला एकलीला पुढं केलं मी."

"मग?"

"मग काय ते मला आज ठावं न्हाई."

आम्ही निघालो. ओढा ओलांडताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, गाडीत ज्याला उभं करायचं त्याला आधी धरायला दांडी लागती. मी पोरीला उभं केलं आन दांडी बघितलीच न्हाई." मग म्हणाल्या, "तुमी जावा आता. मला जरा बसू द्या." मी पुढे गेले. वळून बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी सविता आली नाही. प्रसादही नाही. इंदूताईंनी जे झालं ते सगळं वर्गाला सांगितलं, पारूबाईचं बोलणंही न गाळता. मग म्हणाल्या, आता सभेत कुणी काही बोलायचं नाही. त्या स्वतः बापूंच्या घरी जातील, पाया पडायची वेळ आली तर पडतील, झोपडी वाचवतील. विहिरीचं नंतर बघू.

मुलं ऐकत होती. भिंतीजवळची एक मुलगी म्हणाली, "ताई, सविता एकली बोलली म्हनून तिला धरली. सगळेच बोललो तर कोनाला धरतील?"

"न्हाई."

"पन ताई..."

"न्हाई म्हनले ना! एकीचं घर जायची पाळी आली. आता सगळ्यांची घालवू?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर खेळणारी पोरं खिडकीत येऊन बघू लागली. "माझ्या जिवाला घोर नगा लावू."

मुलं उठली, सतरंज्या गुंडाळल्या, झाडून घेतलं आणि गेली. त्यांचं ते शहाण्यासारखं झाडून जाणं बघून मला शंका यायला हवी होती.

इंदूताई बापूंच्या घरी गेल्या. बापूंनी बसवलं, चहा दिला, आणि विषय निघाला की म्हणाले, "इंदू, तू आमच्यातली, जुनी माणसं आपण. पोरांना आवर." यापुढे गोष्ट सरकली नाही. त्या रागाने धुमसत परत आल्या. मला फोनवर म्हणाल्या, "आमच्यातली म्हनतो! माझ्या आईला कवा वसरीवर चढू दिलं न्हाई ह्यांच्या आजानं."

पाहणीचा विषय पुरा करायला पुन्हा ग्रामसभा लागली. त्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं. पारूबाई सविताला घेऊन मागे भिंतीशी बसली होती. तिला यायला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. इंदूताई बायकांत बसल्या होत्या. सरपंच म्हणाले, पाहणी झाली, विशेष काही आढळलं नाही, पुढचा विषय घेऊ.

तेवढ्यात शनिवारच्या वर्गातली भिंतीजवळची ती मुलगी उभी राहिली. स्वतःचं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं. म्हणाली, "वाडीची हीर आमच्या गावची हाय. तिच्यात माती गेली तरी चालंल, ह्ये ठरवलं कोनी?" आणि बसली.

सरपंच उत्तर देणार, तोच दुसरा मुलगा उठला. नाव, वडलांचं नाव, तोच प्रश्न, तेच शब्द. मग तिसरी. बापू म्हणाले, "अरे, एकदा विचारलं न्हवं? कळलं की." चौथा उठला. इंदूताईंनी माझा हात धरला. त्या मुलांना खुणेने 'बस, बस' करत होत्या. एकही मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता.

सगळ्यात शेवटी प्रसाद उठला. त्याने नाव सांगितलं. वडलांचं सांगितलं. मग थांबून चुलत्याचंही सांगितलं. आणि तोच प्रश्न विचारला.

बापू पुतण्याकडे बघत राहिले. "तू घरी ये," ते म्हणाले.

"येतो की, काका. तितंबी ह्येच इचारनार हाय."

कुणी तरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि त्या हसण्याने सभेची गाठ सुटली. गावठाणातल्याच एका म्हातारीने पदर खोचला आणि म्हणाली, नळावर वाडीच्या बायका तिष्ठत असतात, मलाही बघवत नाही, एकदाचं ठरवा. तिच्यामागे इतर बायका बोलू लागल्या. बापूंना तिथे बसवेना आणि उठून जाताही येईना. शेवटी म्हणाले, "पारूच्या घराला कोन हात लावतंय? रागात बोललो आसंल." ते सगळ्यांसमोर बोलले, हे महत्त्वाचं होतं. डंपर गावच्या रस्त्याने येऊ द्यायचे नाहीत, असा ठराव झाला. पंधरवड्यात फाट्यावर आडवा लोखंडी बार बसला.

सभेनंतर मी आणि इंदूताई चालत निघालो.

"मी न्हाई म्हनले होते, मॅडम."

"हो."

"बरं झालं, ऐकलं न्हाई माझं."

पुढच्या शनिवारी मला वाटलं, आज तरी मुलांची पाठ थोपटतील. त्या आल्या आणि सतरंज्या नीट घडी केल्या नव्हत्या म्हणून सगळ्यांना बोलल्या. मुलं मान खाली घालून हसत होती.

सगळं गोड झालं असं नाही. बापूंनी भरलेली जमीन तशीच उंच आहे. पारूबाईला त्यांच्याकडे पुन्हा काम मिळालं नाही. ती लांबच्या शेतावर जाऊ लागली. प्रसादशी चुलता दिवाळीपर्यंत बोलला नाही. विहीर मुलांनी उपसली, पण पाणी प्यायजोगं व्हायला पुढचे पावसाळे जावे लागले. आणि डंपर थांबले नाहीत, ते डोंगरापलीकडे कोळवणच्या खोऱ्याकडे वळले. हे आम्हाला इंदूताईंनीच सांगितलं. एका लग्नातून आल्यावर.

संस्थेला आपल्या अहवालावर सविताचा फोटो हवा होता. सभेत बोट उगारून बोलतानाचा. इंदूताईंनी फोनवर सांगितलं, "तिचा न्हाई. सगळ्यांचा लावा, न्हाईतर वढ्याचा लावा." पलीकडून बरंच समजावणं चाललेलं मला ऐकू येत होतं. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "साहेब, फोटो तुमी लावनार. त्याच्याखाली ऱ्हानार ती." शेवटी ओढ्याचा फोटो लागला.

सविताला आईने बरेच महिने येऊ दिलं नाही. इंदूताई अधूनमधून वाडीवर जायच्या, पारूबाईशी बोलायच्या, पण 'पोरीला पाठव' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मग एका शनिवारी पारूबाईच तिला घेऊन आली आणि स्वतःही दाराशी बसून राहिली. त्या दिवसापासून तीही येऊ लागली. सविता आता पौडला एका दवाखान्यात काम करते.

संस्थेच्या कार्यक्रमाची मुदत संपली. फ्लेक्स उतरला. शनिवारचं मात्र मुलांनी चालू ठेवलं. इंदूताई यायच्या, पण खुर्ची नको म्हणायच्या. कधी कधी मुलं काही ठरवताना त्यांच्याकडे बघायची आणि त्या दुसरीकडे बघायच्या. मला ते जाणवायचं. तापट माणसाला गप्प बसणं किती जड जातं, ते त्यांच्या मानेच्या शिरांत दिसायचं. गेल्या वर्षी गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्या लेकीकडे तळेगावला राहायला गेल्या. फोन होतो. गावात कुणाचं लग्न आहे का, हे आधी विचारतात.

त्या जाण्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कोळवणच्या खोऱ्यात. तिथल्या काही मुलांनी सविताला बोलावलं होतं, त्यांच्या ओढ्यावर आता तेच सुरू झालं होतं. आमची मुलं जीप करून निघाली. इंदूताई हट्टाने बसल्या. खाली रस्त्यावरच्या मोरीपाशी उतरलो. वर भरावापर्यंत चढ होता, निसरडा. इंदूताई काठी टेकत पुढे निघाल्या तेव्हा सविता त्यांच्या आडवी आली.

"ताई, तुमी हितं थांबा. वर आमी जातो."

"मला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. थांबा म्हनते."

मला वाटलं, आता भडका उडणार. इंदूताईंनी सविताकडे बघितलं, वर चढाकडे बघितलं आणि मोरीच्या कठड्यावर बसल्या.

आम्ही चढू लागलो. पुढे कोळवणची नवी मुलं, त्यांच्यासोबत सविता, प्रसाद आणि बाकीचे, सगळ्यात मागे मी. अर्ध्यावर धाप लागून मी थांबले आणि खाली पाहिलं. इंदूताई उभ्या राहिल्या होत्या. मान वर करून काहीतरी सांगत होत्या, पाय जपून टाका असं असेल, नाहीतर कुणावर तरी रागावत असतील. ओठ हलताना दिसत होते. शब्द वरपर्यंत येत नव्हते. सविताने एकदा वळून खाली हात केला आणि चढत राहिली. इंदूताईंचं बोलणं थांबलं. मग त्या कठड्यावर नीट टेकून बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि मुलं टेकाडाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.